जन्मदिवशी जगात काय चाललं होतं? शोधून देणाऱ्या सेवांचा आढावा, ११ डिसेंबर १९६७ च्या कसोटीवर

"जन्मतारीख टाका आणि त्या दिवशी जगात काय घडलं ते पाहा" अशी जाहिरात करणारी संकेतस्थळं, ॲप आणि भेटवस्तूंची दुकानं आता ढिगानं सापडतात. बहुतेकांचा माल एकच असतो: दिनविशेष. तारीख आणि महिना तुमचा, वर्ष मात्र कुणाचंही. ११ डिसेंबरला जन्मलेल्या माणसाला १९३६ साली आठव्या एडवर्डनं इंग्लंडची गादी सोडली हे कळतं, पण तो स्वतः ज्या सोमवारी जन्मला त्या सोमवारचं काहीच कळत नाही. म्हणून इथे सगळ्या सेवा एकाच पूर्ण तारखेवर घासून पाहिल्या आहेत: ११ डिसेंबर १९६७.

ही तारीख मुद्दाम अवघड निवडली आहे. त्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. त्याच दिवशी फ्रान्समध्ये तुलूझला काँकॉर्ड विमानाचा पहिला नमुना लोकांसमोर आणला गेला. केपटाउनला जगातलं पहिलं मानवी हृदयारोपण ३ डिसेंबरला झालं होतं आणि तो रुग्ण, लुई वॉशकान्स्की, अजून जिवंत होता. तो २१ तारखेला गेला. म्हणजे एक घटना आपल्या दाराशी, एक परदेशातली आणि एक चालू असलेली. चांगल्या सेवेत तिन्ही सापडल्या पाहिजेत.

आधी घड्याळ नीट लावा

कुठलीही सेवा वापरण्याआधी हा हिशेब करावा, कारण निम्मी गफलत इथेच होते. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या वेळेच्या, साडेपाच तास पुढे. त्यामुळे कोयनेचा भूकंप जागतिक नोंदीत १० डिसेंबर, २२:५१ असा पडतो. भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांत ११ तारीख टाकून शोधलं तर तो सापडतच नाही. किल्लारीचंही तसंच: आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं; यूटीसीत २९ सप्टेंबर. पहाटे साडेपाचच्या आत जन्मलेल्या कुणालाही हा फरक लागू पडतो.

यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या भूकंपसूचीत शोध घेताना म्हणून सुरुवात १० डिसेंबर १८:३० आणि शेवट ११ डिसेंबर १८:३० अशी द्यावी. यूटीसीतला हा चोवीस तासांचा तुकडा म्हणजे एक पुरता भारतीय दिवस. तीव्रतेची खालची मर्यादा ५ वर ठेवली की यादी आटोक्यात राहते. कोयनेची तीव्रता कुठे ६.३ तर कुठे ६.५ दिसेल. मोजण्याची पद्धत आणि नंतरच्या फेरगणना यांमुळे आकडा बदलतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पंचांगाचा हिशेब तिसराच. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. सोमवारी पहाटे सव्वाचारला जन्मलेलं मूल पंचांगाप्रमाणे रविवारचं. एकाच क्षणाच्या अशा नोंदी परस्परांना खोडत नाहीत, पण हे ठाऊक नसलं की माणूस चांगल्या सेवेलाही चुकीची ठरवून मोकळा होतो.

१९५५ पूर्वी मुंबईत जन्मलेल्यांसाठी आणखी एक पाचर आहे. शहरात तोवर "मुंबई टाइम" चालू होता, भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात तर प्रमाणवेळच एक तास पुढे सरकवलेली होती. जुन्या वहीत लिहिलेली वेळ कुठल्या घड्याळाची, हे ठरवल्याशिवाय ग्रहस्थिती सांगणारी कोणतीही सेवा वापरण्यात अर्थ नाही.

विकिपीडिया: वापरा, पण दुसऱ्या दरवाजानं

मराठी विकिपीडियावर "डिसेंबर ११" नावाचं पान आहे: ठळक घटना, जन्म, मृत्यू, प्रतिवार्षिक पालन. पान उपयोगी आहे, पण तेही दिनविशेषच. "इ.स. १९६७" हे वर्षाचं पान दुसऱ्या टोकाचं, तिथे दिवस हरवतो. खरी चीज इंग्रजी विकिपीडियावर आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. तिथे सुट्या महिन्यांची पानं आहेत. शोधपेटीत इंग्रजीत महिना आणि वर्ष लिहायचं, "डिसेंबर १९६७" असं. महिन्यातला एकेक दिवस क्रमानं येतो, प्रत्येकाखाली जगभरातल्या घटना. साठच्या दशकाची पानं भरगच्च आहेत. सगळ्या दशकांची भरणी सारखी नाही. फुकटातलं, दोन मिनिटांतलं आणि वर्षासकट तारीख देणारं याहून चांगलं साधन नाही.

मर्यादा दोन. एक, वजन अमेरिका-युरोपकडे झुकलेलं आहे. दोन, चालू घटना त्यात बसत नाहीत. वॉशकान्स्की ३ आणि २१ तारखेला सापडेल. ११ तारखेला, शस्त्रक्रियेनंतरच्या आठव्या दिवशी, जग श्वास रोखून त्याच्या तब्येतीच्या बातम्या वाचत होतं हे यादीत येणार नाही. त्याला वर्तमानपत्रच हवं.

"या दिवशी" छापाच्या ॲपबद्दल एवढंच: बहुतेक याद्या एकमेकांवरून उचललेल्या असतात, आणि एका ठिकाणची चूक सगळीकडे पसरलेली दिसते. दहा ठिकाणी तीच तारीख दिसली म्हणजे ती दहादा तपासली गेली असं नाही. चॅटबॉटला विचारलं तर उत्तर झकास येतं, पण आसपासच्या आठवड्यातल्या घटना बेमालूम त्याच दिवशी आणून बसवलेल्या असू शकतात. वर्तमानपत्राच्या पानावर ताडून पाहिल्याशिवाय त्यातलं काही छापून घेऊ नये.

वर्तमानपत्र कुठल्या तारखेचं मागायचं?

सकाळचं वर्तमानपत्र आदल्या दिवसाच्या बातम्या देतं. हे सगळ्यांना कळतं, तरी "जन्मदिवसाचं वर्तमानपत्र" मागवताना जो तो मथळ्यावर आपली तारीख असलेला अंक मागवतो. ११ डिसेंबरचा सकाळचा मराठी अंक भूकंप व्हायच्या आत छापायला गेलेला. कोयना आणि काँकॉर्ड या दोन्हींसाठी १२ तारखेचा अंक हवा. भिंतीवर लावायला ११ चा घ्या, वाचायला १२ चा. शक्य असेल तर १३ चाही बघावा, कारण दुर्गम भागातून येणारे आकडे आणि फोटो दुसऱ्या दिवशीच धड येतात.

अमेरिकेत मात्र उलटं होतं. भूकंप झाला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रविवार संध्याकाळचे ५:५१ वाजले होते. तिथल्या ११ तारखेच्या अंकाला ही बातमी घेण्यासाठी पुरेसा वेळ होता. म्हणजे आपल्या दारातली बातमी आपल्या तारखेच्या परदेशी अंकात मिळू शकते आणि गावच्या अंकात मिळत नाही. लंडनला रात्रीचे १०:५१ झाले होते, तिथे उशिराच्या आवृत्तीवर अवलंबून.

न्यूयॉर्क टाइम्सचं "टाइम्समशीन" १८५१ ते २००२ च्या अंकांची पानं जशीच्या तशी दाखवतं. वर्गणी लागते. वापरायला सगळ्यांत सुखाचं हेच: तारीख निवडा, पूर्ण अंक समोर, बातमीवर टिचकी मारली की ती मोठी होते. जाहिरातीही वाचता येतात, आणि त्या काळचं जग बातम्यांपेक्षा जाहिरातींत जास्त स्वच्छ दिसतं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं "ट्रोव्ह" फुकट आहे. बहुतेक वर्तमानपत्रं तिथे १९५४ पर्यंतच मिळतात, पण कॅनबेरा टाइम्स १९९५ पर्यंत आहे, आणि साठ ते नव्वदच्या दशकात जन्मलेल्या मराठी माणसाला ट्रोव्हमधलं हेच कामाचं. भूकंपाच्या वेळी तिथे ११ तारखेचे सकाळचे ८:५१ वाजले होते, तेव्हा इथेही १२ तारखेचाच अंक काढायचा. शोधताना "कोयना" टाकून थांबू नका. परदेशी वार्ताहर मुंबईहून बातमी पाठवत, गावाचं नाव कसंही लिहिलं जाई, आणि यंत्रानं वाचलेल्या अक्षरांत चुका असतात. "इंडिया" आणि "अर्थक्वेक" हे दोन शब्द इंग्रजीत टाकून तारखेची मर्यादा १० ते १६ डिसेंबर ठेवली की काम सोपं होतं.

गूगलची जुन्या वर्तमानपत्रांची पेढी अजून उघडी आहे. नवीन अंक चढवणं २०११ मध्येच बंद झालं आणि शब्दशोधावर विसंबता येत नाही. तरी द इंडियन एक्सप्रेसची बरीच वर्षं तिथे आहेत. शोधपेटीकडे दुर्लक्ष करून वर्तमानपत्रांच्या यादीतून नाव निवडायचं, मग दशक, मग तारीख. मधले अंक गायब असतात, काही चित्रं दुसऱ्याच तारखेखाली लावलेली असतात, म्हणून पानावर छापलेली तारीख वाचून खात्री करावी. आवृत्ती कुठली तेही मथळ्याखाली पाहावं. बरेच अंक दक्षिणेतल्या आवृत्त्यांचे आहेत आणि त्यांत महाराष्ट्राच्या बातम्या तुटक येतात.

२००१ नंतर जन्मलेल्यांचं काम हलकं आहे: टाइम्स ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर तारीखवार मथळ्यांची यादी मिळते. त्याआधीचा टाइम्स विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून, प्रोक्वेस्ट या कंपनीच्या डिजिटल संग्रहात. घरचं कुणी महाविद्यालयात शिकत असेल तर त्याचं खातं वापरून शोधायला सांगा.

जे अंक निघालेच नाहीत

भेटवस्तू विकणारे हे सांगत नाहीत. लंडनचा द टाइम्स १ डिसेंबर १९७८ पासून जवळजवळ वर्षभर बंद होता, तो परत निघाला १३ नोव्हेंबर १९७९ ला. न्यूयॉर्क टाइम्स संपामुळे १० ऑगस्ट १९७८ पासून ८८ दिवस निघाला नाही. या काळातल्या तारखेचा "मूळ अंक" कुणी देऊ करत असेल तर तो दुसऱ्या वर्तमानपत्राचा आहे किंवा सरळ बनावट आहे. आपल्याकडे २७ जानेवारी आणि १६ ऑगस्टला बहुतेक दैनिकं नसतात, कारण आदल्या दिवशी कचेरीला सुट्टी. दिवाळी-दसऱ्याच्या आसपासही खाडे असतात. अशा तारखेला जन्म असेल तर त्या दिवशी अंक निघाला होता का, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

मराठी अंक: ग्रंथालयाला पर्याय नाही

मराठी दैनिकांचे साठ-सत्तरच्या दशकांतले अंक घरबसल्या तारीखवार उघडतील अशी सोय आजही धड नाही. आपल्या भाषेबद्दलची ही मोठी उणीव आहे आणि कुठल्याही ॲपनं ती भरून निघालेली नाही. त्यामुळे पाय झिजवावे लागतात. मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्यात केसरी मराठा ग्रंथशाळा आणि पुणे नगर वाचन मंदिर, कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर, गोव्यात पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय. आधी फोन करून दोन प्रश्न विचारावेत: अमुक दैनिकाचा अमुक महिन्याचा खंड आहे का, आणि बाहेरच्या माणसाला तो पाहायला मिळतो का. ओळखपत्र बरोबर ठेवावं, काही ठिकाणी तात्पुरतं सभासदत्व घ्यावं लागतं.

दैनिक निवडताना त्याचं वय पाहा. केसरी १८८१ चा, सकाळ १९३२ चा, लोकसत्ता १९४८ चा, महाराष्ट्र टाइम्स १९६२ चा. लोकमत दैनिक म्हणून १९७१ च्या डिसेंबरात सुरू झाला. गोव्यात मराठी गोमन्तक १९६२ पासून. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात जन्म असेल तर पुढारी आधी मागा. मुंबईच्या दैनिकात गावाला दोन ओळी मिळतात, तिथे जिल्ह्याच्या दैनिकात अख्खं पान मिळतं.

अंक महिन्याच्या किंवा पंधरवड्याच्या बांधीव खंडात असतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून झेरॉक्स कुणी करू देत नाही आणि करूही नये. परवानगी घेऊन मोबाइलनं फोटो काढावेत. पान मोठं असतं, तेव्हा एक फोटो पूर्ण पानाचा आणि चार फोटो चौथाईचे. फ्लॅश बंद, उजेड खिडकीकडून बाजूनं, मोबाइल पानाला समांतर. शिवणीजवळची ओळ नेहमी वळते. तिथला फोटो वेगळा घ्यावा, खंड जोरानं दाबून सपाट करू नये. पानाच्या डोक्यावरची तारीख, वार, किंमत, पृष्ठसंख्या ही पट्टी प्रत्येक वेळी चौकटीत आली पाहिजे, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या दिवसाचं याचा पत्ता लागत नाही.

मोठ्या घटनेच्या दुसऱ्या दिवशीचं पहिलं पान ब्लेडनं कापून नेलेलं असण्याची शक्यता बरीच असते. मग त्याच दिवसाचं दुसरं दैनिक मागायचं.

पहिलं पान पाहून उठू नये. आतली पानं तुमच्या जन्मदिवसाच्या जास्त जवळची असतात: बाजारभाव, आकाशवाणीचे कार्यक्रम, नाटकांच्या जाहिराती, नोकरीच्या जाहिरातीतला पगार, हवामानाची चौकट. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तक्त्यांतला "त्या वर्षीचा सोन्याचा भाव" वर्षाची सरासरी असतो. त्या दिवसाचा भाव बाजारभावाच्या रकान्यातच मिळेल.

छापून देणारे

भेट म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू तीन जातींच्या. मूळ अंक, मूळ अंकाच्या चित्राची छपाई, आणि "तुम्ही जन्मलात तेव्हा" असा साच्यात भरलेला फलक. तिसऱ्यावर पैसे घालवू नयेत. त्यात दुधाचे आणि पेट्रोलचे भाव बहुधा अमेरिकेचे, गॅलनमध्ये, आणि बारा महिन्यांना एकच मजकूर.

दुसऱ्या प्रकारात मापाचा घोळ होतो. मोठ्या आकाराचं वर्तमानपत्र साधारण ५६ सेंटीमीटर उंच, ए-३ कागद ४२. म्हणजे सगळं पाऊण पटीवर येतं आणि आठ पॉइंटचा मजकूर सहावर. वाचायचं असेल तर ए-२ घ्या. विकणाऱ्याला चित्राचे पिक्सेल विचारा: ए-२ वर ३०० डीपीआयसाठी (इंचाला ३०० ठिपके) साधारण ४९६० गुणिले ७०१६ लागतात. उंचीला २००० च पिक्सेल असतील तर ए-२ वर ते जेमतेम ८५ डीपीआय भरतात आणि देवनागरीच्या मात्रा-वेलांट्यांचा चिखल होतो. मायक्रोफिल्मवरून (पानांचे बारीक फोटो असलेल्या फितीवरून) घेतलेलं चित्र असेल तर फोटो काळे ठिक्कर येणारच, त्याला उपाय नाही.

मूळ अंक मिळाला तर तो लॅमिनेट करू नका. उष्णतेनं कागद आणखी खराब होतो आणि प्लॅस्टिक परत निघत नाही. आम्लरहित पुठ्ठा, काच आणि कागद यांत थोडं अंतर, ऊन येणार नाही अशी भिंत. एवढं फ्रेमवाल्याला बजावून सांगा.

आकाश, हवा, संसद

नासाचं "हबलनं तुमच्या वाढदिवशी काय पाहिलं" हे खेळणं देखणं आहे, पण दुर्बीण १९९० ची. चित्र तुमच्या तारखेचं असतं, वर्षाचं नव्हे. "एपॉड" हे रोजचं खगोलचित्र १६ जून १९९५ पासून आहे आणि ते वर्षासकट मिळतं. १७, १८ आणि १९ जून १९९५ ला जन्मलेल्यांना मात्र चित्र नाही, कारण दुसरं चित्र २० तारखेला आलं.

हवामानासाठी ओपन-मेटिओ या संकेतस्थळावर १९४० पासूनचे तासवार अंदाजे आकडे फुकट मिळतात. कोयनानगरसाठी अक्षांश १७.४०, रेखांश ७३.७५ टाका, तारीख द्या, आणि वेळेचा पट्टा कोलकात्याचा निवडा. तो आपोआप लागत नाही. हे आकडे संगणकीय पुनर्रचनेचे आहेत, तिथल्या तापमापकाचे नाहीत. तापमान बऱ्यापैकी जुळतं. घाटमाथ्यावरच्या पावसाचा आकडा मात्र कमी येतो, कारण गणिताची चौकट कित्येक किलोमीटरची असते. जुलैत महाबळेश्वरला जन्मलेल्यांनी त्यावर विश्वास ठेवू नये.

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयातली दिवसवार कार्यवृत्तं हा दुर्लक्षित खजिना आहे. १९६७ चं हिवाळी अधिवेशन राजभाषा दुरुस्ती विधेयकानं गाजलं. ११ डिसेंबर शोधताना मुखपृष्ठावर "अग्रहायण २०, १८८९ (शक)" दिसलं की दचकू नका. ती सरकारी राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख आहे, पंचांगातल्या मार्गशीर्षाची तिथी नव्हे.

१ जूनवाल्यांसाठी

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. त्यांच्यासाठी वरचं सगळं करण्याआधी खरी तारीख काढायला हवी. पत्रिकेत किंवा वहीत शके, महिना, पक्ष, तिथी असेल तर दृक पंचांग या संकेतस्थळावर जन्मगाव निवडून इंग्रजी तारखेपर्यंत पोचता येतं. शकात ७८ मिळवले की इंग्रजी वर्ष येतं. पौष ते फाल्गुनातल्या जन्माला ७९ मिळवून पाहावेत. वारही लिहिलेला असेल तर तो जुळतोय का ते बघा, चूक तिथेच पकडली जाते. अधिक महिन्याचं वर्ष असेल तर दोन तारखा निघतात. १९६६ साली, म्हणजे शके १८८८ मध्ये, श्रावण दोन होते. वहीत नुसतं "श्रावण शुद्ध पंचमी" असेल तर एक तारीख जुलैतली आणि दुसरी ऑगस्टमधली. अशा वेळी ग्रंथालयात दोन्ही महिन्यांचे खंड मागा, आणि घरच्या जुन्या माणसांना विचारा: बाळ जन्मलं त्याच दिवशी नागपंचमी होती, की ती अजून व्हायची होती?